खाच

इनास आल्मेडानं टेबलावर बिस्किटांचा डबा पालथा केला
नि लाल धुळीसकट सव्वीस गारा घरंगळल्या.
रेडीची खाण बंद पडली तेव्हा बाकीच्यांनी
पत्रे नेले, केबल नेली, एकानं तर भोंगा नेला.
यानं हे.
"बाय, ही सगळी जुळी हत. मियां सोताच्या हातान काडलंय."

मी मिठागरवाल्यांची.
शिरोड्याचं मीठ नव्वद अंशांत उगवतं,
आईच्या पाटीत चौकोनी,
कुणाशीही काटकोनात जमवून घेणारं.
म्हणून नव्वदला मी अजूनही भुलते.
गारेतले दोघे मात्र भेटतात
चौऱ्याऐंशी अंश तेहतीस मिनिटांवर.
कुणी ठरवलं, विचारू नकोस, इनास.

माझं हत्यार म्हणजे शाळेतला कोनमापक,
मधोमध छेद पाडून त्यावर फिरती पट्टी.
पहिला: एकाहत्तर.
दुसरा: पंचावन्न, किंवा साठ, हात हलला.
पाचवा अगदी नव्वद.
"बघ, कसो सरळ!"
सरळ आहे म्हणूनच नाही.
हे शेजारी. एकाच भेगेत वाढले,
जागा पुरली नाही, एकमेकांत घुसले.
"पण हात लावलंय तेव्वा चिकाटलेलीच होती मगो?"
होती. चिकटलेलीच होती.
मी ते वहीत लिहिलं नाही.

चहा झाला. खाडीवरून वारा सुटला.
सोळापर्यंत एकही नाही.

सतरावा नखाएवढा, चपटा,
बाकीच्या जाडजूड भावकीत कुपोषित वाटावा असा.
खिडकीकडे धरून हळूच कलवला
आणि उजेड दोन्ही अंगांवर एकदम पेटला,
एकदम विझला.
पुन्हा कलवला. पुन्हा एकदम.
भिंग लावलं: पैलूंवरच्या आडव्या रेघा
मधल्या शिवणीशी येऊन मिळतात
बांगड्याच्या काट्यासारख्या,
आणि वर, दोघांची डोकी वेगळी होतात तिथं,
खाच. खाचेत चिमूटभर लाल माती.
पट्टी म्हणाली चौऱ्याऐंशी, आणि थोडं.
त्या थोड्याची तेहतीस मिनिटं
माझ्या पट्टीला वाचता येत नाहीत.

इनास बघत होता, पण गारेकडे नाही, माझ्याकडे.
"एकच?"

एकच. मग मी तो जाड खडा उचलला.
"तो न्हय गो, तो एकटोच. झाकणावर वजन म्हणान आणलंय."
एकटाच दिसत होता. सहा अंगं, एक टोक.
पण कोपऱ्यांवर तिरपे बारीक पैलू असतात,
एकट्याच्या अंगावर ते
एक कोपरा सोडून एकावर यायला हवेत.
इथे लागोपाठच्या दोन कोपऱ्यांवर,
दोन्ही एकाच बाजूला कललेले.
आणि पैलूवरून गेलेली एक वाकडी रेघ,
ओहोटीनं वाळूवर सोडावी तशी;
अलीकडे चकाकी, पलीकडे किंचित मंद.
म्हणजे आत दोघे आहेत.
एकाच कण्याभोवती एकानं अर्धा वळसा घेतलेला,
आणि बाहेरून पत्ता नाही.
दोन काळ्या काचांमध्ये धरलं तरी
प्रकाश त्यांना एकच समजून पार जातो.
खात्री करायची तर एक ॲसिड आहे,
पैलू खाऊन नक्षी उघडी पाडतं.
ते हाडातही उतरतं. मी घरात आणत नाही.

हे सगळं मी त्याला सांगितलं, बहुतेक जास्तच.
तो म्हणाला, "असात."

शेजाऱ्यांना त्यानं एकेक करून
जुन्या बनियनच्या चिंध्यांत गुंडाळलं,
चिकटलेले सुटू नयेत म्हणून सावकाश.
सतरावा माझ्याकडे सरकवला: "ह्यो तुका."
जाड खडा झाकणावर ठेवला,
रबर लावलं, डबा मोटरसायकलच्या पिशवीत.
वाऱ्यानं झाकण उडतं.

मी चिठ्ठी लिहिली: १७. रेडी. जुळा, बहुधा.
खाचेतली माती
धुवायची आहे.